रंगपूर खुंट सांगून दिलेली संत्र्याची कलमं : बारा वर्षांनंतरचा रिव्ह्यू

कलमाचा रिव्ह्यू मोबाईलसारखा आठ दिवसांत लिहिता येत नाही, संत्र्याला धड फळ धरायलाच पाच वर्षं जातात आणि खालच्या खुंटाने काय दिलं काय खाल्लं हे कळायला आणखी तीन-चार, म्हणून आत्ता लिहितोय. वरुड तालुक्यात आमचा बगीचा आहे, तीन एकर जुना, एक एकर नवीन. जुन्यासाठी जुलै २०१३ मध्ये ४०० कलमं आमच्याच भागातल्या एका पन्हेरीतून (रोपवाटिकेतून) घेतली, त्या पन्हेरीचं नाव लिहीत नाही, आणि नव्या एकरासाठी २०२१ मध्ये १३० कलमं दुसऱ्या एका परवाना असलेल्या नर्सरीतून. ही पोस्ट दोन्ही खरेद्यांबद्दल आहे. पण खरं सांगायचं तर ती कलमाच्या खालच्या एक वीत लाकडाबद्दल आहे, ज्याच्याकडे घेताना कोणी बघत नाही, मीही बघितलं नव्हतं.

ज्यांचा बगीचा नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. नागपुरी संत्र्याचं झाड बी लावून करत नाहीत. आधी जंबेरी नाहीतर रंगपूर लिंबाचं बी टाकून रोप करतात, तो खुंट, त्याच्यावर चांगल्या मातृवृक्षाचा, म्हणजे निवडलेल्या संत्र्याच्या झाडाचा, डोळा (फुटणारी कळी) बांधतात, डोळा फुटला की खुंटाचा वरचा भाग कापून टाकतात. म्हणजे वर संत्रा आणि जमिनीखाली लिंबू, दोन वेगळी झाडं आयुष्यभर एका सालीने जोडलेली. फळ वरच्याचं, पण पाणी, अन्नद्रव्य, जोम, रोग सोसायची ताकद हे सगळं खालचा ठरवतो, आणि फळाचा गोडवा आणि तोडणीची वेळसुद्धा बरीचशी तोच ठरवतो, हे मला फार उशिरा कळलं.

२०१३ ला कलम २५ रुपयाला पडलं. पन्हेरीवाला म्हणाला, "भाऊ, सगळा माल रंगपूरवरचा आहे, डोळा काटोलच्या बागेतला, डोळे मिटून लावा." आम्ही लावला. उघड्या मुळाची कलमं, मुळाला मातीचा गोळा, वीस-वीसचे जुडगे सुतळीने बांधलेले, डोळा जमिनीपासून जेमतेम तीन-चार इंचावर. तेव्हा तेच बरोबर वाटायचं कारण आजूबाजूला सगळ्यांचीच तशी होती. १८ बाय १८ फुटावर लावली, पहिल्या वर्षी मर फारशी नाही झाली, झाडं जोरात वाढली, आणि तीन-चार वर्षं मी त्या पन्हेरीची तारीफच करत फिरलो, दोघातिघांना तिथूनच कलमं घ्यायला लावली याचं आज वाईट वाटतं.

शंका आली ती दोन मेलेल्या झाडांमुळे. दुसऱ्या वर्षीच दोन कलमांचा वरचा संत्रा वाळला होता आणि खालून खुंटाचे फुटवे निघाले होते, काट्यांचे, ते काढायचे राहून गेले आणि धुऱ्याच्या कडेला असल्याने कोणी लक्ष दिलं नाही. २०१८ च्या हिवाळ्यात त्या दोन्हीला फळं लागली. एकाला लहान, गोल, संत्र्यासारखी शेंदरी फळं, आतली फोडही शेंदरी, आणि तोंडात घातली की कान गरम होतील इतकी आंबट. हा रंगपूर. दुसऱ्याला मोठी पिवळी फळं, साल जाड, खडबडीत, टेंगळं टेंगळं आलेली. हा जंबेरी. एकाच जुडग्यातली कलमं आणि खाली दोन वेगळे खुंट! बाबांना ते पिवळं फळ हातात दिलं तर त्यांनी नखाने साल खरवडून वास घेतला आणि एवढंच म्हणाले, "जंबेरी आहे बेटा, आपल्याला मिसळून दिलं."

मग मी प्रत्येक झाडाच्या बुडाशी बसून खालचे फुटवे शोधत गेलो, मिळाले त्यांची पानं त्या दोन झाडांच्या पानांशी लावून बघितली, चोळून वास घेतला. जंबेरीचं पान मोठं आणि फिकट आणि चोळल्यावर लिंबाचा उग्र वास येतो, रंगपूरचं त्यामानाने लहान आणि काळपट हिरवं. कृषी विभागातल्या एका ओळखीच्या साहेबांनाही दोनदा आणून दाखवलं. सगळ्या ४०० झाडांना फुटवे नव्हते, पण ६४ झाडांची ओळख पक्की पटली आणि त्यात ३९ जंबेरीची निघाली. म्हणजे रंगपूर म्हणून घेतलेल्या मालात अर्ध्याहून जास्त जंबेरी. त्या ६४ झाडांना मी ऑइलपेंटचे पट्टे मारले, जंबेरीला पांढरा, रंगपूरला निळा, आणि तेव्हापासून दरवर्षी दोन्हीचा माल वेगळा बघतोय. एकच जमीन, तीच ड्रिप, तेच खत, तोच बहार, फरक फक्त खाली.

आता महत्त्वाचं, फळात काय फरक पडला.

पांढऱ्या पट्ट्याचं झाड डोळ्याला मोठं दिसतं, घेर मोठा, माल जास्त, फळ मोठं. व्यापारी बांधावर उभा राहिला तर आधी तिकडेच बघतो. मागच्या आंबिया बहारात (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांचा माल) नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी दोन्ही पट्ट्यांच्या झाडांवरून एकाच उंचीची, एकाच बाजूची दहा-दहा फळं तोडली. जंबेरीवरच्या दहांचं वजन १ किलो ७०० ग्रॅम भरलं, रंगपूरवरच्या दहांचं १ किलो ४५० च्या आसपास. पण साल सोलली की गोष्ट उलटते. जंबेरीवरच्या फळाची साल जाड आणि फोडीपासून सुटलेली, देठाकडे बोट दाबलं तर आत पोकळी लागते, फळ हातात मोठं पण हलकं वाटतं. रसातली साखर मोजणाऱ्या ब्रिक्स मीटरवर रस टाकला तर जंबेरीचा ९ ते साडेनऊ, रंगपूरचा १० ते साडेदहा. एका अंशाचा फरक म्हणजे काही नाही असं वाटेल, पण दोन फोडी पाठोपाठ खाऊन बघा, लहान पोरगंही सांगेल कोणती चांगली. जंबेरीवरचं फळ गोड लागतं पण पाणचट गोड, कारण त्यात साखरही कमी आणि आंबटपणाही कमी, आणि नागपुरी संत्र्याची जी चव आहे, ज्या आंबटगोडासाठी त्याला २०१४ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, ती आंबट आणि गोड दोन्ही असल्याशिवाय येत नाही.

हे असं का होतं ते मला नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतल्या एका ट्रेनिंगमध्ये नीट समजलं, आणि समजल्यावर बगीच्याकडे बघायची नजरच बदलली. फळातली साखर पानं बनवतात, मुळं नाही. मुळं पाणी आणतात. जंबेरीचं मूळ खोल जातं, लांब पसरतं, भरपूर पाणी ओढतं, झाड कधी तहानलेलं राहत नाही, आणि मग फळात पाणी भरत राहतं, तेवढीच साखर जास्त पाण्यात वाटली जाते. वर झाडाला इतका जोम की नवी पालवी सतत फुटत राहते, पाणसोट सरळ वर जातात, ती कोवळी पालवी फळाच्या वाट्याची साखर खाते. ज्या खुंटाचं झाड थोडं आटोपशीर राहतं, पाणी थोडं तोलून घेतं, त्याचं फळ लहान पण रस घट्ट. आपण बहारासाठी झाडाला ताण देतो तो फुलासाठी, पण पाण्याची थोडी ओढ फळाच्या गोडीलाही लागते, आणि ती ओढ काही खुंट झाडाला आपोआप लावतात आणि काही अजिबात लागू देत नाहीत.

पिकण्याबाबत जे पाहिलं ते मी कुठे लिहिलेलं पाहिलं नव्हतं, पण आमच्या बगीच्यात दरवर्षी दिसतं आणि आमचे पैसे तिथेच जात होते. संत्रा आंब्या-केळीसारखा तोडल्यावर पिकत नाही, झाडावर जी गोडी आली तीच. आणि रंग यायला थंड रात्री लागतात, थंडी पडली की सालीतला हिरवा जातो आणि पिवळा-शेंदरी वर येतो, म्हणून आंबियाचा माल ऑक्टोबरात आतून तयार असून बाहेरून हिरवट राहतो आणि फेब्रुवारी-मार्चचा मृग बहाराचा माल (जून-जुलैच्या फुलांचा) पेटल्यासारखा दिसतो. आता जंबेरीवरच्या झाडात काय होतं, आतला आंबटपणा लवकर उतरतो, म्हणजे फळ आतून आधी तयार, पण झाडाचा जोम चालूच असल्याने साल हिरवी राहते, रंग उशिरा. व्यापारी रंग बघून तोडतो. म्हणजे तो रंगासाठी थांबतो आणि तोपर्यंत आतलं फळ पुढे निघून गेलेलं असतं. १५ डिसेंबरला मी परत दहा-दहा फळं कापली. जंबेरीच्या दहापैकी चार फळांत देठाकडच्या फोडी कोरड्या, रसाच्या पिशव्या पांढऱ्या, कडक, तांदळाच्या कण्यांसारख्या, चावल्या तर कचकच वाजतात आणि रस काहीच नाही. रंगपूरच्या दहात तसं एकच फळ निघालं. दहा फळांवरून नियम होत नाही हे मला मान्य आहे, पण २०१९ पासून दर हंगामात मी हेच कापतोय आणि पारडं प्रत्येक वेळी त्याच बाजूला झुकतंय.

आणि हे गिऱ्हाईकाला बाहेरून कळत नाही! पुण्यामुंबईत जो माणूस डझनभर मोठे संत्रे घेऊन घरी जातो आणि सोलल्यावर चोथा निघतो, तो परत चार महिने संत्रा घेत नाही, किनो घेतो. त्याची चूक नाही. (किनोसुद्धा पंजाबात बहुतेक जट्टी खट्टीवर असतो आणि ती जट्टी खट्टी म्हणजे आपली जंबेरीच, त्यामुळे तिकडेही लोक दुसरा खुंट शोधतच आहेत.)

लांबच्या गाडीला तर पोकळ सालीचा माल अजून वाईट, कॅरेटमध्ये खालच्या थरातली फळं दबून फुटतात. नागपूरच्या कळमना बाजारात एकदा आमचाच माल उतरताना बघितला, वरचे दोन थर छान आणि तळाला ओल सुटलेली, त्या दिवशी भावात जो मार बसला तो सगळा त्या फुगीर फळांचा होता.

आता कोणी म्हणेल की जंबेरी इतका वाईट तर लोक लावतात कशाला. वाईट नाहीये तो. जंबेरीचं बी भरपूर मिळतं, रोप भरभर वाढतं, पन्हेरीवाल्याचं कलम लवकर तयार होतं, झाड लवकर धरतं, माल जास्त देतं, हलक्या जमिनीत खोल मुळामुळे टिकतं. टनावर विकणाऱ्याला पहिली आठ-दहा वर्षं जंबेरी तोट्याचा वाटणारच नाही. तोटा दिसतो तो नंतर, डिंक्या रोगात. आमची जमीन भारी, काळी, पावसाळ्यात दहा दहा दिवस वाफसा नाही, आणि जंबेरीचं मूळ फायटोफ्थोराला, म्हणजे मूळ कुजवणाऱ्या बुरशीसारख्या रोगजंतूला, लवकर बळी पडतं. गेल्या काही पावसाळ्यांत मिळून पट्टेवाली अकरा झाडं गेली, त्यातली नऊ पांढरी. बुडाशी साल फाटून डिंक गळायला लागतो, साल खरवडली की आत चॉकलेटी, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, त्या वर्षी झाड वेड्यासारखं फुलतं आणि पुढच्या वर्षी वाळतं. मरणारं झाड जास्त फुलतं हे बघताना फार जीव तुटतो. त्यात डोळा तीन इंचावर, आळ्यात माती चढत चढत जोड जमिनीखाली गेला, म्हणजे संत्र्याची सालच चिखलात. बोर्डो पेस्ट आम्ही वर्षातून दोनदा लावतो, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, आणि बुडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं केलंय, पण जो जोडच मातीत आहे त्याला पेस्ट किती वाचवणार.

रंगपूर म्हणजे सोनं असंही नाही हां. पाण्याचा ताण तो चांगला सोसतो, आमच्या तालुक्यात पाणी इतकं खोल गेलंय की हा गुण छोटा नाही, खारवट पाणीही बऱ्यापैकी चालतं, ट्रिस्टेझा विषाणूला सहनशील आहे. पण ब्राझीलमध्ये ज्यांनी जवळपास सगळ्या बागा एकट्या रंगपूरवर उभ्या केल्या त्यांना नंतर सडन डेथ नावाचा रोग आला आणि खुंट बदलायला लागले. त्याआधी तिकडेच १९३० आणि ४० च्या दशकात आंबट संत्र्याच्या खुंटावरची झाडं ट्रिस्टेझाने लाखोंनी मेली होती, मावा तो विषाणू पसरवतो, आणि ट्रिस्टेझा या शब्दाचा अर्थच दुःख. आंबट संत्र्याचा खुंट फळाच्या चवीला उत्तम होता, तरीही गेला. एक खुंट सगळीकडे लावायचा ही चूक जगात परत परत झालीय.

आणि चवीला सगळ्यात भारी खुंट म्हणतात तो ट्रायफोलिएट, तीन पानांचा. जपानचा सात्सुमा संत्रा त्याच्यावर असतो, रस घट्ट, साल पातळ, झाड आटोपशीर, फायटोफ्थोराला चिवट. ऐकल्यावर मलाही वाटलं की हाच लावू. पण आपल्या चुनखडीच्या जमिनीत त्याला लोह घेता येत नाही, पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्याचा आणि मोसंबीवर्गाचा संकर कॅरिझो, तोही चुनखडीला नाजूकच. म्हणून माती परीक्षणात मुक्त चुना किती आहे ते बघितल्याशिवाय कोणाच्या सांगण्यावरून असला खुंट आणू नका, यूट्यूबवर विकणारे भरपूर आहेत.

एक गोष्ट ट्रेनिंगमध्ये ऐकली तेव्हा गंमत वाटली. जंबेरी आणि रंगपूर दोघंही मूळचे संत्रा आणि महाळुंग यांच्या संकरातून आलेले, म्हणजे सख्खे म्हणावेत इतके जवळचे, आणि तरी बगीच्यात इतके वेगळे वागतात.

आता दुसरी खरेदी, २०२१ ची. यावेळी मी दोन महिने आधी जाऊन नर्सरी बघून आलो, रिकाम्या हाताने आलो आणि मग विचार करून बुकिंग केलं. शेडनेटमध्ये काळ्या पिशव्यांत रोपं, माती निर्जंतुक केलेली, खुंटाची बियाणी कुठल्या झाडांची हे रजिस्टरमध्ये, आणि तिथल्या ताईंनी मला खुंटाची मूळ झाडंच दाखवली, रंगपूरची, शेंदरी फळांनी लगडलेली. मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. या लिंबांच्या एका बीतून दोन-तीन रोपं येतात, बहुतेक आईसारखीच, पण एखादं संकराचं वेगळं निघतं, ते बुटकं नाहीतर वेगळ्या पानाचं असतं आणि उपटून टाकायचं असतं. मी गेलो तेव्हा एक बाई वाफ्यातून अशी रोपं निवडून टोपलीत टाकत होत्या, टोपली जवळजवळ भरलेली. स्वस्त पन्हेरीत तीच रोपं डोळा बांधून विकली जातात, आणि मग आपण म्हणतो एकाच ओळीत झाडं लहानमोठी का.

कलम ६५ रुपयाला पडलं, आधीच्या अडीचपट. डोळा नऊ इंचावर बांधलेला, जोड नीट भरलेला, मूळ पिशवीत गुंडाळी न झालेलं. तक्रारी आहेत, दोन महिन्यांत मिळणार होती त्याला सहा लागले, आणि पिशव्यांमुळे गाडीत एका खेपेत कमी बसली, भाडं वाढलं. १३० पैकी चार मेली, त्यातली दोन आमच्याच ट्रॅक्टरने. डोळा वर असल्याने अजून एकाही झाडाला डिंक नाही, चार पावसाळे झाले. फळ मागच्या वर्षी थोडं धरलं, पहिल्या बहाराच्या फळावरून चव सांगणं चुकीचं, कोवळ्या झाडाचं फळ कुठल्याही खुंटावर जाड सालीचंच येतं, म्हणून त्या भागाचे मार्क आत्ता देत नाही.

पहिल्या पन्हेरीला पाचपैकी दीड. ते दीड झाडं जगली म्हणून. माल जंबेरी होता याचा राग नाही, जंबेरी सांगून दिला असता तर मी नोव्हेंबरात तोडायचं नियोजन केलं असतं, हलक्या पट्ट्यात लावला असता. खोटं सांगितलं याचा राग आहे, कारण २५ रुपयाच्या त्या खोट्याने आमची सहा वर्षं चुकीच्या वेळी तोडणी झाली. पावतीवर फक्त "संत्रा कलम ४०० नग" लिहिलेलं, खुंटाचं नावच नाही, त्यामुळे तक्रारही कुठे करता आली नाही. दुसऱ्या नर्सरीला पाचपैकी चार. तिच्या पावतीवर खुंट, डोळ्याचा मातृवृक्ष नंबर, तारीख, सगळं आहे, आणि ती पावती बाबांनी सातबाऱ्याच्या फाईलमध्ये लावून ठेवलीय.

कलमं घ्यायला निघाला असाल तर खुंटाचं झाड दाखवा म्हणा, त्याचं फळ कापून बघा, बाहेरून शेंदरी आणि आतूनही शेंदरी असेल तर रंगपूर. डोळ्याची उंची वितीने मोजा. जुडग्यातली दोन-चार कलमं सोडून मुळं बघा, काळी आणि साल सुटणारी असतील तर फुकट मिळाली तरी आणू नका. आणि शेंदुरजना घाटाला गेलात तर एकाच पन्हेरीवर थांबू नका, ते सगळं गावच कलमांचं आहे, चांगली माणसंही तिथेच भेटतात.

आमचं जुन्या तीन एकराचं आता असं ठरलंय की पांढऱ्या पट्ट्याची झाडं, आणि ज्यांची ओळख पटली नाही पण वाढ तशीच आहे ती, रंगाची वाट न बघता नोव्हेंबरच्या सुरुवातीला तोडायची, रस मीटरवर बघून, आणि तो माल नागपुरातच द्यायचा, लांब पाठवायचा नाही. निळी झाडं डिसेंबरपर्यंत थांबवतो. यंदा व्यापारी आला तेव्हा बाबांनी त्याला बगीच्यात न फिरवता आधी निळ्या पट्ट्याचं एक फळ सोलून हातात दिलं. त्याने खाल्लं, साल परत उलटून बघितली आणि विचारलं, "काका, हा पट्टा किती झाडांना आहे?"